रात्रीतून उसवलेले फेटे

"ताई, मी पेणजवळ हमरापूर भागात राहते. गेली तीन वर्षं मी आणि शेजारच्या वहिनी मिळून गणपतीच्या मूर्तींना फेटे करतो, गणपती झाले की लग्नाचे रेडिमेड फेटे. वहिनी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, हे काम मला त्यांनीच शिकवलं. मी डावरी आहे. मागच्या सीझनला लक्षात आलं की मी रात्री करून ठेवलेले फेटे सकाळी बदललेले असतात, एकदा मोजले तर चाळीसातले पंधरा. वहिनी रात्री टाके उसवून परत बांधतात आणि बोलत काहीच नाहीत. पैसे आम्ही निम्मे निम्मे घेतो, पण ऑर्डर घेणं, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, कापड आणणं, पोचवणं सगळं माझ्याकडे, इन्स्टावरचं पेजही माझ्या नावाचं आहे. यंदा मूर्तींच्या एका कारखान्याची 400 फेट्यांची ऑर्डर आलीय. मी वेगळी होऊ का? आणि झाले तर जिने शिकवलं तिच्याशी कृतघ्नपणा केला असं होईल का? ता.क. डाव्या अंगठ्याला ग्लू गनचा चटका बसून फोड आलाय, तरी काम चालू आहे."

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पंधरापाशी थांबले. माणूस उगाच मोजत नाही, तू मोजलेस म्हणजे तुला आत कुठेतरी चांगलंच लागलंय.

पुढचं काही सांगायच्या आधी एक सांगून टाकते कारण ते लपवून सल्ला दिला तर तो खोटा होईल. मी तुझ्या जागेवर कधी नव्हते. मी तुझ्या वहिनींच्या जागेवर होते.

पुण्यात आम्ही दोघी लग्नाचे फेटे करायचो. पेठेतल्या वाड्याची मागची खोली, एक शिलाई मशीन, फेटे चढवायला दोन लाकडी डोकी, आणि भिंतीला लागून कापडाचे गठ्ठे. ती माझ्याहून लहान, हात भरभर चालायचा तिचा, मी एक बांधेपर्यंत तिचे दोन व्हायचे, पण मला तिच्या निऱ्या जाड वाटायच्या आणि कपाळावरची पट्टी जरा वर चढलेली वाटायची. मी बोलायचे नाही. म्हणायचे की बोललं तर तिला वाईट वाटेल, त्यापेक्षा ती घरी गेली की दोन-चार पीस उसवून नीट करून ठेवू, ऑर्डर चांगली जाईल, तिचंही नाव राहील, कुणाला कळणारे. असं मी किती महिने केलं मलाच आठवत नाही. मग एका रात्री मरून रंगाचा दोरा संपला होता आणि दुकान बंद झालेलं म्हणून मी लाल दोऱ्याने टाके घातले, आतल्या बाजूने, बाहेरून दिसणारच नाहीत असे. सकाळी ती आली, तिने फेटा उचलून उलटा केला, त्या लाल टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं, परत होता तसा ठेवला आणि चहा टाकायला गेली. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी तिने फेटा बांधलाच नाही, दिवसभर नुसते तुरे करत बसली.

तुळशीच्या लग्नाच्या आधल्या आठवड्यात तिने यायचं बंद केलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी शिकले असते ना गं." मी उत्तर देऊ शकले नाही. आजही लाल दोरा हातात घेतला की ते आठवतं.

म्हणून मी जेव्हा म्हणते की वहिनी हे वाईट हेतूने करत नसतील तेव्हा मी त्यांची बाजू घेत नाहीये. हेतू चांगला असला तरी करतायत ते चूकच आहे, आणि ते किती चूक आहे ते करणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही, कारण त्याला वाटत असतं की मी दुसऱ्याचं काम वाचवतोय. खरं तर तो दुसऱ्याचा शिकायचा हक्क काढून घेत असतो. तुला तीन वर्षांत कुणी सांगितलंच नाही की कुठे चुकतं, मग तू सुधारणार कशी, आणि मुळात चुकतंय का हे तरी कसं कळणार?

आता कामाकडे येते, कारण मला वाटतं तुमच्या या प्रकरणात निम्मं दुखणं मनाचं आहे आणि निम्मं चक्क कापडाचं आहे.

फेटा ही हाताच्या ताणाची वस्तू आहे. पगडी एकदा घडवली की घडवली, उचलायची आणि डोक्यावर ठेवायची, पुणेरी पगडीला तर 2009 मध्ये भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं तेव्हा तिचं स्वरूप कागदावरसुद्धा पक्कं झालं. फेट्याचं तसं नाही. आठ मीटर लांब आणि मीटरभर रुंद कापड, ज्याचा हात तसा तो बसणार, आणि कोल्हापूरकडचा माणूस बांधेल तो वेगळा दिसणार, पुण्यातला बांधेल तो वेगळा. आपण जे रेडिमेड करतो ते फेट्याची पगडी करणंच झालं एक प्रकारे, म्हणजे हाताने बांधलेलं वळण टाके घालून कायमचं थांबवायचं. आणि तिथेच पंचाईत होते. समोरासमोर बांधलेल्या दोन फेट्यांत थोडा फरक असला तर शोभून जातो पण कारखान्याच्या फळीवर एकाच साच्याच्या चाळीस मूर्ती ओळीने ठेवल्या की एकीची निरी बोटभर जाड आणि दुसरीची बारीक हे लांबून दिसतं. दोन माणसांनी मिळून काम केलं की हे होतंच, कितीही जीव लावला तरी होतं. दोघींपैकी कुणी वाईट कारागीर आहे असा त्याचा अर्थ नाही.

आणि तू डावरी आहेस! पत्रात तू हे एका वाक्यात सांगून पुढे गेलीस, मला मात्र वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. वहिनींनी तुला शिकवलं ते उजव्या हाताचं काम. तू समोर बसून बघितलंस आणि आपल्या हाताला जमेल तसं केलंस, म्हणजे तुझे फेरे उलट्या दिशेने जातात, कापडाचं शेवटचं टोक दुसऱ्या कानाशी संपतं, मग तुराही दुसऱ्या बाजूला येतो आणि शेमला, म्हणजे खाली सोडलेलं टोक, तोही दुसऱ्या खांद्यावर पडतो. पंधरा फेटे जे उसवले गेले ते नीट आठवून बघ किंवा जुने फोटो काढून बघ, कदाचित ते सगळे असेच उलट्या फेऱ्याचे असतील. तसं निघालं तर वहिनींना तुझी सफाई खटकत नाहीये, दिशा खटकतेय, आणि त्यांना ते शब्दात सांगता येत नसेल. जुन्या हातांना पुष्कळ गोष्टी करता येतात पण सांगता येत नाहीत, माझ्या आजीला विचारलं की पुरणात वेलची किती तर ती डबा दाखवायची आणि म्हणायची एवढी.

डावरेपणा लपवू नकोस आणि हात बदलायचा प्रयत्नही करू नकोस, त्याने ताण जातो आणि फेटा सैल पडतो. एक सोपी गोष्ट कर. मूर्तिकार ज्याच्यावर मूर्ती फिरवत रंगवतात तसा फिरता पाट तुमच्याकडे सहज मिळेल. त्याच्यावर डोकं ठेव, कापड डाव्या हातात ताणून एका जागी धर, आणि उजव्या हाताने पाट फिरव. हात फिरत नाही, डोकं फिरतं. पाट ज्या दिशेने फिरवशील त्यावरून फेऱ्याची दिशा ठरते, म्हणजे कापड डाव्याच हातात राहून तुझा फेटा वहिनींसारखा उजवा होतो. पहिले दहा-बारा वेडेवाकडे येतील, मग हात बसेल. माझ्याकडे नंतर एक डावरा मुलगा काम करायचा, त्याला हे असं जमलं आणि त्याचा ताण आमच्या सगळ्यांपेक्षा सारखा यायचा कारण त्याचा हात हलतच नव्हता ना.

आणि तुझा उलटा फेटा फेकून द्यायची गोष्ट नाही बरं का. माझ्या डोळ्याला तुरा सोंडेच्या वळणाच्या विरुद्ध बाजूला असला की मूर्तीचा तोल छान वाटतो. घरगुती मूर्ती बहुतेक डाव्या सोंडेच्या असतात, उजव्या सोंडेचं सोवळं कडक मानतात म्हणून त्या कमी घेतल्या जातात, पण घेणारे असतातच, आणि त्या मूर्तींना तुझ्या हाताचा फेटा वहिनींच्या फेट्यापेक्षा जास्त शोभेल. हे मी नियम म्हणून सांगत नाहीये, एक मूर्ती समोर ठेवून दोन्ही लावून बघा दोघी.

दोघी म्हणाले ते मुद्दाम. यातलं काहीही तू एकटीने ठरवून करू नकोस. नाहीतर वहिनी रात्री गुपचूप उसवतात तसं तू दिवसा गुपचूप सुधारलंस एवढंच होईल आणि बोलणं राहूनच जाईल.

बोलायचं कसं ते सांगते. रात्री नको, ऑर्डर पोचवायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको, आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर नको. दुपारची वेळ बघ, जेवणं झालीत, पोरं शाळेत आहेत. हातात एक फेटा घे, तुझा बांधलेला, टाके घातलेला. वहिनींना दे आणि म्हण, "वहिनी, हा माझ्यासमोर उसवा आणि उसवताना कुठे काय खटकतं ते सांगत जा." बस. "तुम्ही रात्री माझे फेटे का उसवता" असं विचारलंस तर त्या एकतर नाही म्हणतील किंवा रडतील, दोन्हीचा उपयोग नाही. हातात वस्तू असली की माणूस वस्तूबद्दल बोलतो. त्या टाका कापतील, एखादी निरी उलगडतील, म्हणतील हे बघ इथे तू बोटाने दाबून धरलं नाहीस, इथे काठ आत गेलाय. ऐकून घे. मग त्यांचा एक फेटा घे आणि तुला काय वाटतं ते तूही सांग, कारण मला खात्री आहे की तीन वर्षांत तुलाही काहीतरी दिसलेलं असणार आणि वयाच्या मानाने लहान म्हणून तू गप्प बसली असशील. छोट्या मूर्तीला पैठणीचा चार बोटं रुंद काठ लावला की गणपतीचं कपाळच दिसत नाही, सगळा चेहरा काठाखाली जातो, हे मी कितीतरी ठिकाणी बघते, मोठ्या कारागिरांच्या हातूनही होतं, एकफुटी मूर्तीला अर्धा इंची लेसच बरी. असं काही असेल तुझ्याकडे तर बोल.

आणि सगळ्यात शेवटी, दोघी मोकळ्या झालात की, एक गोष्ट ठरवून घ्या आणि ती तू स्पष्ट शब्दात म्हण: "यापुढे माझा फेटा बदलायचा असेल तर मला उठवा, नाहीतर बाजूला ठेवा, सकाळी मी स्वतः करेन." टोपलीत दोन रंगाच्या चिंध्या ठेवा, ज्याबद्दल शंका आहे त्या फेट्याला लाल चिंधी बांधायची, झालंय त्याला हिरवी. लाल चिंधीवाला फेटा ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. आमच्या खोलीत हे मी फार उशिरा सुरू केलं, ती गेल्यानंतर.

आता त्या 400 चं. आधी हिशोब बघ, मी कागदावर मांडला. तुझ्या वाट्याला 200 आले आणि चाळीसातले पंधरा याच मापाने धरलं तर 75 फेटे परत बांधले जाणार. उसवून बांधायला अर्धा तास धर एकाला, म्हणजे साडेसदतीस तास. वहिनी साडेसदतीस तास रात्रीच्या जागणार आहेत गं, डोळे फोडून, आणि त्याचा मोबदला त्यांना शून्य आणि तुला दुःख. हा आकडाही त्यांना सांग, कदाचित त्यांनी स्वतः कधी मोजलं नसेल.

काम कसं वाटायचं यावर माझं मत असं की एका फेट्याचे फेरे एकाच हाताने व्हावेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्धे फेरे मी, अर्धे तू असं केलं की ताण तुटतो. पण बैठक, म्हणजे फेट्याच्या आतला टोपीसारखा आधार, आणि तुरा वेगळ्या हातांनी झाले तर चालतं. म्हणून एकीने बैठका करायच्या, दुसरीने फेरे, मग तुरे आणि मोत्याच्या माळा, शिरपेच वगैरे पुन्हा पहिलीने, आणि महिन्याने अदलाबदल. कायमची वाटणी नको, नाहीतर पाच वर्षांनी तुला फक्त तुरेच येत असतील.

बैठक मूर्तीवरच ग्लू गनने चिकटवत असाल तर ते बंद करा असं मी अगदी जीव तोडून सांगेन. शाडूच्या मूर्तीवर गरम ग्लू लावला आणि नंतर काही बदलायला ओढला की रंगाचा पापुद्रा निघून येतो, शिवाय ग्लूचे ते कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आखणी झालेल्या डोळ्यांवर पडतात, मग मूर्तिकार चिडतो आणि बरोबरच आहे त्याचं. त्यापेक्षा सुटी टोपीसारखी बैठक करा. कारखान्याची 400 ची ऑर्डर म्हणजे 400 वेगवेगळी डोकी नसतात, तीन किंवा चार साचे असतील, आणि एका साच्यातल्या सगळ्या मूर्तींचं डोकं एकाच मापाचं. प्रत्येक साच्याची एक कच्ची मूर्ती घरी मागून घ्या, तिच्या डोक्याला प्लास्टिकची पातळ पिशवी घट्ट गुंडाळा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन-चार थर खळीने लावा, वाळलं की अलगद काढा. कानाशी थोडं जास्त कापा, कान दाबले गेले की बाप्पाचा चेहराच बिचारा दिसतो. ही झाली बैठक, तिच्यावर कापड टाक्यांनी पक्कं करा. फेटा बसतो, निघतो, विसर्जनाआधी घरच्यांना काढून ठेवता येतो, कापड आणि खडे पाण्यात जात नाहीत. आता लोक विचारतात हे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांतही मूर्तीवरची सजावट काढून मगच विसर्जन करायचा रोख आहेच. पोरं तर तो फेटा वर्षभर शोकेसमध्ये ठेवतात.

यात अजून एक फायदा आहे, कारखान्यात जाऊन धुळीत बसायला नको, घरी बसून काम होतं. आणि कच्ची मूर्ती काही महिने घरात राहिली तर रोज तिच्याकडे बघून डोळा तयार होतो, ही एक वेगळीच गोष्ट आहे, ती सांगून कळणार नाही.

पैशाचं तू फार हळू आवाजात लिहिलंयस, जणू काही विचारणंच पाप आहे. अगं निम्मे निम्मे हे न्यायाचं वाटतं पण असतंच असं नाही. तू कापड आणतेस, ऑर्डर घेतेस, पोचवतेस, फोन येतात रात्री अकरालाही, ते काम आहे. पण मग वहिनींनी तुला शिकवलं, त्यांच्या हाताचा नमुना बघून पहिली गिऱ्हाइकं आली, तेही काम आहे. ही दोन्ही निम्म्यात कुठे दिसतात? कुठेच नाही, म्हणून दोघींनाही आतून वाटतं की मीच जास्त करते. कामागणिक दर लावा. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, मी फक्त पद्धत कळावी म्हणून धरते. समजा एका फेट्याचे 90 रुपये मिळतात. 25 सामानाचे. उरले 65. त्यातले बांधणारीला 35, बैठक-तुरा करणारीला 10, ऑर्डर-ने-आण बघणारीला 10, आणि 10 दोघींच्या डब्यात. 400 फेट्यांचे 36,000 होतात, त्यात सामानाचे 10,000, बांधणीचे 14,000, आणि बाकी तिन्हींचे चार-चार हजार. तो डब्यातला चार हजार महत्त्वाचा. पीस रिजेक्ट झाला, कापडाचा रंग गेला, पावसात पिशवी भिजली, तर त्यातून भरायचं आणि कुणाच्या नावावर टाकायचं नाही. आमच्यात नुकसान झालं की आम्ही गप्प व्हायचो आणि मनात ठरवायचो की हिच्यामुळे झालं. डबा असता तर बरंच वाचलं असतं.

आणि हे वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको, वही. वहिनींना उघडून बघता आली पाहिजे. फोन तुझा असतो, वही दोघींची असते.

फोटोंचं तू एका ओळीत लिहिलंयस की इन्स्टावर पेज तुझ्या नावाचं आहे. ते बदल. दोघींचं नाव घाल, किंवा तिसरंच काही ठेवा. वहिनींना इन्स्टा कळत नसेल, पण त्यांच्या सुनेला, भाचीला कळतं आणि कुणीतरी एक दिवस दाखवणारच की बघा तुमचे फेटे हिच्या नावाने. कदाचित आधीच दाखवलं असेल. रात्री उसवण्यामागे हेही असू शकतं, मला माहीत नाही, पण तुझ्या जागी मी आजच बदलेन.

तारखांकडे बघ जरा. मागच्या वर्षी, 2025 ला, गणपती 27 ऑगस्टला होते म्हणून तुमची घाई झाली असणार. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून, म्हणून गणपती लांबलेत, 14 सप्टेंबर. अधिकात लग्नं नाहीत, म्हणजे लग्नाच्या फेट्यांचं काम जवळजवळ बंद, तो अख्खा महिना तुम्हाला बैठका करायला मोकळा मिळतोय आणि ऊनही असतं, खळ लगेच वाळते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला की कोकणात काही वाळत नाही हे मी तुला काय सांगणार. त्याच्या आधी 19 मार्चला पाडवा आहे. डोंबिवलीत 1999 ला शोभायात्रा सुरू झाली आणि मग गावोगावी निघायला लागल्या, बायकांचे फेटे त्यात भरपूर जातात. पाडव्यासाठी दोघींनी फक्त तीस-चाळीस फेटे करा, नव्या पद्धतीने, चिंध्या, वही, डबा, फिरता पाट सगळं लावून. ही तुमची परीक्षा. ते तीस नीट झाले आणि एकही गुपचूप उसवला गेला नाही, तर 400 ला हो म्हणा. तोवर कारखानदाराला म्हण पाडव्यानंतर कळवते, आणि तोपर्यंत अ‍ॅडव्हान्स घेऊ नकोस, पैसे हातात आले की माणूस नको त्या गोष्टीला हो म्हणून बसतं.

आणि पाडव्यातही जर उसवलेलेच सापडले, समोरासमोर बोलल्यावरसुद्धा, तर वेगळी हो. मी हे जड मनाने पण सरळ सांगते. मग 400 दोघींत आधीच वाटून घ्या, दोन साचे तुझे, दोन त्यांचे, प्रत्येकीचा फेटा वेगळा दिसला तरी चालेल कारण एका साच्यात तो सारखाच राहील. घरं शेजारी आहेत, उद्या हळदीकुंकवाला एकमेकींच्या दारात जायचंय, तेव्हा वेगळं होणं हे भांडून नको, वाटणीने व्हावं. माझ्या त्या जोडीदारणीसारखं कुणाला काही न बोलता जावं लागू नये.

कृतघ्नपणाचं म्हणशील तर, शिकवणाऱ्या माणसाचं ऋण असतं, ते मी नाकारत नाही आणि तूही नाकारू नकोस. पण त्याची फेड तू आपलं काम रोज रात्री मोडू देऊन करायची नसते. त्यांना लोकांसमोर गुरू म्हण, लग्नाच्या ऑर्डरला गेलीस की गिऱ्हाइकाला सांग हे मी अमुक वहिनींकडून शिकले, दिवाळीला साडी ने. आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघ. रात्री उसवून बारीक टाके घालणाऱ्या बाईला जवळचं दिसतंय ना नीट? माझं पंचेचाळीस ओलांडल्यावर गेलं होतं आणि मी वर्षभर कबूल केलं नव्हतं, मला दुसऱ्याच्या निऱ्या जाड दिसायच्या त्यातल्या काही तर माझ्याच नजरेला जाड होत्या. वहिनीही आता चाळिशीत असतील ना? त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन जा, तू सोबत जा.

तळटीप म्हणून तू लिहिलंस की डाव्या अंगठ्याला ग्लू गनचा चटका बसून फोड आलाय आणि तरी काम चालू आहे. ते बंद ठेव चार दिवस. फोड फोडू नकोस, कापडाची किनार लागू देऊ नकोस, कापूस नुसता ठेवलास तर चिकटेल, स्वच्छ सैल पट्टी बांध, आणि लाल होत वर चढायला लागला किंवा पू दिसला तर लगेच डॉक्टरकडे जा. तेवढे दिवस वहिनींना म्हण की तुम्ही बांधा, मी पाट फिरवते. एकीने कापड धरायचं आणि दुसरीने फिरवायचं, असा एक फेटा बांधून बघाच.